निरंक कोठडीतली हाक

तमाम आबालवृद्धांस, नात्यातल्या आणि नात्याबाहेरच्या सर्वांस, या प्रकरणाद्वारे अत्यंत गंभीरपणे जाहीर करण्यात येते की, हैदराबादच्या लढाईत प्रस्तुत लेखिकेने जातीने भाग घेतला होता. ही लढाई तिकडे सोलापूरच्या पलीकडे झाली, असं तुम्ही शाळेत शिकला असाल. शिकवणाऱ्यांचा दोष नाही, त्यांना वेल्ह्याच्या आघाडीची माहिती असण्याचं कारणच नाही. ही आघाडी वेल्ह्याच्या कचेरीमागे, आमच्या न्हाणीघरापासून वीस पावलांवर उघडली होती. आपल्या बाजूला एक हवालदार आणि एक काठी. शत्रूच्या बाजूला एक माणूस आणि मूठभर गंधक. मी तेव्हा अकरा वर्षांची होते आणि माझ्याकडे भाकरी पोचवण्याचं खातं होतं. हे मी आजवर कोणत्याही सरकारला कळवलेलं नाही, त्यामुळे मला पेन्शन नाही, हेही इथेच नोंदवून ठेवते.

माझे वडील, अण्णा, भोर संस्थानात कारकून होते. त्या वर्षी संस्थान विलीन झालं आणि अण्णांसकट सगळी दौत-लेखणी नव्या सरकारच्या ताब्यात गेली. सामान ताब्यात घेताना माणूस जसा ते उलटंपालटं करून बघतो, तसं नवं सरकार अण्णांकडे बघत होतं. ठेवायचं की टाकायचं, ते ठरलं नव्हतं. अण्णा त्या काळात इतके हळू बोलायचे की आई म्हणायची, 'तुम्ही ओठ हलवताय की सुपारी चघळताय ते तरी सांगा.' आम्ही कचेरीच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचो. वर पत्रा, खाली शेणाने सारवलेली जमीन. समोर अंगण, अंगणात आड, आणि आडापलीकडे एक दगडी खोली. तिला एक दार आणि बाजूच्या भिंतीत, डोंगराकडे उघडणारी एक उंच, गजांची खिडकी. हीच कोठडी. तिच्यात वर्षाकाठी एखादा बोकडचोर नाहीतर बांधावरून डोकी फोडून घेतलेले दोन भाऊ येऊन राहायचे. त्यांची भाकरी आमच्याकडून जायची. संस्थानापासून चालत आलेली ती रीत नव्या सरकारला अजून ठाऊकच नव्हती, म्हणून बंद झाली नव्हती. आई त्या पाहुण्यांचं मनापासून करायची. चोराला तिखट सोसतं का, हे ती आधी हवालदाराला विचारून घ्यायची.

भाद्रपदातलं वेल्हं तुम्ही पाहिलं नसेल, तर तुम्हाला धुकं म्हणजे काय ते कळलेलं नाही. तिथलं धुकं आकाशातून उतरत नाही. ते ओढ्यातून उठतं, भातखाचरं एकेक करून गिळतं आणि भरदुपारी अंगणात येऊन उभं राहतं. आई आडावर पाणी शेंदत असायची, मी ओट्यावर असायचे आणि मला नुसता रहाट ऐकू यायचा. आई दिसायची नाही, दोर दिसायचा नाही. मग एकदम तिची घागर पुढे यायची आणि घागरीमागून आई. धुक्यात आवाजाला जागा राहत नाही. फर्लांगभर दूरचा खोकला कानाशी येतो आणि शेजारी कोणी नाव घेऊन बोलावलं तर वाटतं, तोरण्याच्या कड्यावरून कोणी बोलतंय. पत्र्यावरून ठिबकणारं पाणी, चुलीत ओलं लाकूड सुसकारतंय, तव्यावर नाचणीची भाकरी, वाफाळलेलं हुलग्याचं कढण, आणि बाहेर हे सगळं पांढरं. आजही मी नाटकात रंगमंचावर धूर सोडलेला पाहिला की माझ्या तोंडाला कढणाची चव येते.

अशाच एका दुपारी एक लॉरी आली आणि तिच्यातून एक माणूस उतरवला. त्याचे हात त्याच्याच फेट्याने बांधलेले होते. उंच, काटक, तिशीच्या आतबाहेरचा. सोबत दोन शिपाई आणि एक साहेब, पुण्याकडचा की आणखी कुठला ते आम्हाला कधीच कळलं नाही. साहेबाने अण्णांना बाजूला घेतलं. मी ओट्यावर मटकी निवडत होते, आणि धुक्याबद्दल वर सांगितलंच आहे. सगळं माझ्या कानाशी आलं. सारोळ्याला नीरेच्या पुलावर पहारा बसला होता, कारण हमरस्त्याने लष्कराच्या गाड्या जात होत्या. त्या पुलाखाली हा माणूस सापडला. कमरेला पुडी, पुडीत गंधक. पूल उडवायला आलेला, हैदराबादकडचा घातपाती. आता असल्या माणसाला दहशतवादी म्हणतात, तेव्हा घातपाती म्हणायचे. शब्द बदलला, त्या शब्दाने अंगावर येणारा काटा तोच आहे. भोरच्या कोठडीत जागा नव्हती म्हणून हा इकडे. 'पुढचा हुकूम येईपर्यंत ठेवा,' साहेब म्हणाला. 'बोभाटा नको. रजिस्टरात तूर्त काही घालू नका.'

'साहेब, कलम?' अण्णांनी विचारलं. इतकं मोठ्याने ते त्या महिन्यात प्रथमच बोलले.

'हुकूम येईल तेव्हा कलमही येईल.'

लॉरी गेली. अण्णांनी रजिस्टर उघडलं, त्या दिवसाच्या रकान्यात 'निरंक' असा शब्द लिहिला आणि त्यावर टीपकागद दाबला. निरंक म्हणजे कोणी नाही. मग मला जवळ बोलावून आईच्या गळ्याची शपथ घ्यायला लावली. कोठडीत कोण आहे, हे मी कोणालाही सांगणार नाही. मी शपथ घेतली. त्याक्षणी मला इतकं महत्त्वाचं वाटलं की मी दोनदा घेतली.

पहाऱ्याला रामजी हवालदार होते. पोट मोठं, आवाज मोठा, धीर बेताचा. 'शकूताई, ताटली लांबनं सरकव,' ते मला सांगायचे. 'हात आत घालू नगंस. लई जहाल आसामी हाय. मुंगीवानी गप बसलाय, पन डोळं बग त्याचं.' मी डोळे बघितले. ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते खिडकीतून डोंगराकडे लागलेले होते. पहिल्या दिवशी त्याने भाकरीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी खाल्ली आणि म्हणाला, 'कडण झ्याक हाय. आमच्या हिच्या हातचं आसंच आसतं.' घातपाती कढणाची तारीफ करतात, हे माझ्या डोक्यातल्या घातपात्यात बसेना. मी घरी येऊन आईला सांगितलं. घरातल्या घरात सांगणं शपथेत बसतं, असा मी निकाल दिला होता. आईने दुसऱ्या दिवशी कढण वाढवून दिलं.

त्याचं नाव म्हाळू होतं. हे तो सर्वांना सांगत होता, पण हवालदारांचं म्हणणं, घातपाती खरं नाव कशाला सांगेल? तो सांगत होता की तो धनगर आहे, त्याच्या मेंढरांना खरूज झाली होती, करंजाच्या तेलात गंधक कालवून लावतात म्हणून तो सारोळ्याच्या दुकानातून गंधक घेऊन येत होता, आणि पाऊस लागला म्हणून पुलाखाली बसला. तो साहेब मध्ये एकदा येऊन गेला. दार लावून घेतलं. आतून आधी प्रश्न ऐकू आले, मग थपडा, मग पुन्हा प्रश्न. दिवसभर त्याला हात वर करून उभं केलं होतं, पाणी दिलं नव्हतं. पूल कोणासाठी उडवणार होतास, असं साहेब पुन्हा पुन्हा विचारत होता. शेवटी म्हाळूचा आवाज आला, रडवेला नव्हे, वैतागलेला. 'आवो सायेब, दिवाळीनंतर मेंढरं त्याच पुलावरनं पल्याड न्यायची आसत्यात. पूल उडवला तर म्या कुठनं जाऊ?' ही खरं तर एखाद्या वकिलाला शोभणारी हरकत होती, पण तिथे वकील नव्हता आणि रजिस्टरात अशीलही नव्हतं. गंधकाची पुडी अण्णांच्या कपाटात ठेवली होती. आमच्या घराला दिवाळीच्या महिनाभर आधीच फटाक्यांचा वास येत होता.

लढाई पाच दिवसांत संपली. गावात गूळ वाटला, कचेरीवर झेंडा लावला. मी गुळाचा खडा घेऊन कोठडीकडे गेले. म्हाळूने तो घेतला, पण कशाचा गूळ ते विचारलं नाही, आणि हवालदारांनी मला सांगू दिलं नाही. त्या रात्री जेवताना आई म्हणाली, 'लढाई संपली ना? मग त्याला आता का ठेवलाय?'

'सोडायचा हुकूम नाही,' अण्णा म्हणाले.

'मग मागवा.'

'सोडायचा हुकूम धरलेल्या माणसाचा निघतो. याला धरल्याचाच कागद नाही. जो धरलेला नाही, त्याला सोडा असं मी कोणाला लिहू?' अण्णांनी पानातला भात चाळवला. 'नव्या कायद्यात सगळं आहे. नुसत्या संशयावरून धरता येतं, पण का धरलं ते त्याला लेखी द्यावं लागतं. त्याच्या भाषेत. त्यावर त्याला अर्ज करता आला पाहिजे. आणि साध्या कायद्याने धरला असेल तर चोवीस तासांत न्यायाधीशापुढे उभा करायचा. मी पाठ केलंय सगळं.'

'मग करा की!'

'कोणाच्या नावाने?' अण्णा म्हणाले. 'कोठडीत कोणी नाही.'

हे वाक्य ते चेष्टेने बोलले नव्हते. मी दाराच्या फटीतून बाहेर पाहिलं. हवालदारांच्या कंदिलाच्या उजेडात कोठडीची खिडकी दिसत होती, आणि तिथे दोन हातांनी गज धरलेले होते. त्या हातांमागे माणूस नाही, असं सरकार म्हणत होतं, आणि सरकार माझे वडील होते.

आता हाकेकडे येते. दुपारी धुकं दाटलं की वरच्या डोंगरातून घंटांचा आवाज यायचा. मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा. तो आवाज आला की म्हाळू खिडकीशी जायचा, तोंडाभोवती हात धरायचा आणि हाक घालायचा, 'हुर्रऽऽ येऽऽये!' शेवटचा 'ये' मधेच चिरायचा आणि कोकरासारखा थरथरायचा. प्रत्येक धनगराची हाक निराळी असते, मेंढरं तिच्यावरून धनी ओळखतात. ही त्याची. पहिली हाक झाली की पुढच्या व्हरांड्यात हवालदार दचकून तपकिरीची डबी सांडायचे. दुसरी होईपर्यंत ते काठी घेऊन उठायचे. तिसरी यायच्या आत ते गजांवर काठी हाणत असायचे. 'गप्प! कुनाला खुना करतुयास रं? गप्प!' व्हरांडा ते कोठडी हे अंतर अगदी दोन हाकांचं होतं. रोज दोनच हाका व्हायच्या, आणि त्या कड्यावर आपटून चहूकडून परत यायच्या, जणू डोंगरात आणखी चारपाच म्हाळू कोंडलेले आहेत. मला नकला करायची खोड होती. मी मोरीत दार लावून ती हाक घोटवली. शेवटचा चिरका 'ये' चार दिवसांत जमला. पाचव्या दिवशी आईने पाठीत धपाटा घातला, यावरून तो हुबेहूब जमला होता हे तुम्ही समजून घ्या.

बायजाबाई आमच्याकडे लोणी घेऊन यायची. वरच्या धनगरवाड्यातली म्हातारी, पाठ वाकलेली, जीभ ताठ. त्या दिवशी ती आली ती लोण्याशिवाय. ओट्याखाली बसली आणि म्हणाली, 'कारकूनबाई, येक जुनं धोतर आसंल तर द्या. फाटकं चालंल. माज्या ल्येकाचा पुतळा करायचाय.'

'कसला पुतळा?' आई म्हणाली.

'गवताचा. मानूस घावला न्हाई तर गवताचा करून जाळत्यात न्हवं. त्याबिगर सुटत न्हाई त्यो.' तिचा लेक सारोळ्याला गंधक आणायला गेला तो आलाच नाही. भोंगवलीला त्यांचं नातं होतं, त्यांतल्या कोणाला नीरेच्या काठावर त्याची घोंगडी सापडली. नदीला लोंढा होता. लोंढ्याने नेला. 'आन् आता,' म्हातारीने आवाज खाली आणला, 'त्यो हाका मारतुया.'

आईच्या हातातलं धोतर तसंच राहिलं.

'रोज. धुकं पडलं की. त्येचाच आवाज, कारकूनबाई, म्या वळकंन की! सगळ्या डोंगरातनं येतुया. मेंढरं चरायची थांबत्यात, माना वर करून बघत बसत्यात. कुत्रं दोनदा खाली धावलं, तवापास्नं बांधूनच ठिवलंय. ठकी, माजी सून, ती उठाया बगती, आमी तिला धरून बसतू. दोन हाका येत्यात. दोनच. जित्त्या मानसाची हाक तीनदा येती. मेलेलं दोनदाच मारतंय. तिसऱ्या हाकेबिगर ओ द्यायची न्हाई. दिली तर त्येच्यामागं जावं लागतंय. माजी तरनी सून न्हेईल त्यो.' तिने डोळे पुसले. 'सोमवारी पुतळा जाळायचा. मग ठकीची काळी पोत तोडायची. मेंढरं दिरं वाटून घेतील आन् तिला तिच्या म्हायेरी धाडत्याल. काय करायचं?'

मी दारात उभी होते. म्हातारीच्या पाठीमागे, धुक्यात, वीस पावलांवर तिचा लेक बसला होता. त्या वेळी धुक्यात घंटा नव्हत्या, म्हणून तो गप्प होता. मी आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे पाहिलं. आई तोंड उघडणार एवढ्यात कचेरीच्या दारात अण्णा येऊन उभे राहिले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचा चेहरा मी आयुष्यात नंतर दोनदाच तसा पाहिला. त्यांनी मान हलवली. नाही, अशी. आईने धोतर म्हातारीच्या हातात ठेवलं आणि आत जाऊन चुलीत उगाच लाकूड कोंबलं. म्हातारी गेली तेव्हा आई अण्णांना एवढंच म्हणाली, 'ते धोतर तुमचं होतं.'

अण्णांनी त्या रात्री भोरला पत्र लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं. ते पाठवलं, पण उत्तर सोमवारपर्यंत येणार नव्हतं हे त्यांनाही कळत होतं. मी अंथरुणात शपथ तपासत होते. कोणालाही सांगणार नाही, असं म्हटलं होतं. सांगणार नाही. सांगणार. मी ती शपथ जिभेवर इतकी उलटवली की तिचा एकेक धागा निघाला.

सोमवार. इतकं धुकं मी त्याआधी आणि त्यानंतर पाहिलं नाही. ताटली घेऊन निघाले तर मला माझा हात कोपरापर्यंतच दिसत होता. वर कुठेतरी घंटा वाजत होत्या, त्यात बायकांचा रडण्याचा सूर होता, आणि ओल्या गवताच्या धुराचा वास खाली उतरत होता. ताटली दाराशी ठेवली. म्हाळूने ती पाहिली नाही. त्याला तो सूर ऐकू येत होता. 'कोन गेलं वर?' त्याने मला विचारलं. मी शपथेने बांधलेली. मी ताटली आणखी आत सरकवली. तो खिडकीशी गेला. पहिली हाक. व्हरांड्यात डबी सांडली. दुसरी हाक. हवालदार धावले, आत घुसले, गजांवर काठी. 'गप्प!'

मी आडामागे गेले, रहाटाचा खांब धरला, तोंडाभोवती हात धरले आणि तिसरी हाक घातली.

माझ्या घशातून जे निघालं ते माझं नव्हतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते. मोरीत घोटवलेली नक्कल निराळी. ही हाक माझ्यातून कोणी दुसऱ्यानेच घातली. शेवटचा 'ये' चिरला, थरथरला, कड्यावर गेला, आणि चहूकडून परत आला. मग सगळं थांबलं. घंटा थांबल्या. रडणं थांबलं. पत्र्यावरचं पाणीसुद्धा ठिबकायचं थांबलं असं मला वाटलं.

कोठडीत काय घडलं ते मला हवालदारांनी पुढे कित्येक वर्षांनी, मी लग्नाची झाल्यावर सांगितलं. ते म्हाळूच्या तोंडासमोर काठी धरून उभे होते. म्हाळूचं तोंड मिटलेलं होतं. त्यांच्या हातभर अंतरावर, मिटलेलं. आणि म्हाळूचा आवाज बाहेरून, धुक्यातून आला. म्हाळूनेही तो ऐकला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्या दोघांना एकच भीती वाटली. हवालदार काठी टाकून बाहेर पळाले, दाराला कसंबसं कुलूप घातलं आणि कचेरीच्या पायरीवर येऊन बसले. नंतर कोणी सांगूनही ते आत जाईनात.

वरून 'ओऽऽ' आलं. बाईचा आवाज. एकच ओ, लांबलचक, खाली येणारी. मग घंटा, पण आता त्या चरणाऱ्या मेंढरांच्या नव्हत्या, पळणाऱ्या मेंढरांच्या होत्या. आधी कुत्रं आलं, गळ्यात तुटलेला दोर. मग धुक्यातून एक मेंढी निघाली, मग दहा, मग अंगण भरलं. अंगावर खरजेचे चट्टे, ओली लोकर, वाफा. कोठडीच्या खिडकीखाली ती एकमेकांवर चढत होती. त्यांच्यामागून माणसं आली. पुढे बायजाबाई, मग दोन दीर. थोरल्या दिराच्या काखेत गवताचा माणूस होता, अण्णांचं धोतर नेसलेला, एका पायाला जरा जळलेला. घाईत त्याला टाकायचा कुठे ते न कळून त्याने तो सोबतच आणला होता. सगळ्यात मागे ठकी. पायात काही नाही, डोक्यावर पदर नाही.

'हाक हितनं आली,' बायजाबाई म्हणाली. 'कोन हाय हितं?'

'हितं कोनी न्हाई,' हवालदार म्हणाले. आता तर त्यांना स्वतःलाच ते खरं वाटत होतं. 'रजिस्टर बगा. कोनी न्हाई.'

अण्णा बाहेर आले. हातात रजिस्टर होतं. त्यांनी मेंढरांकडे पाहिलं, स्वतःचं धोतर नेसलेल्या गवताच्या माणसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी आडामागून पुढे आले होते आणि माझा घसा बसलेला होता. त्यांना सगळं कळलं असणार. त्यांनी रजिस्टर पायरीवर उघडलं, 'निरंक' या शब्दावर आडवी रेघ मारली आणि विचारलं, 'नाव काय त्याचं?'

कोणी बोलेना. ठकीने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही रीत. भावांची मेलेल्याचं नाव घेऊन त्याला बोलवायची हिंमत नाही. म्हातारीचे ओठ हलत होते, पण आवाज फुटेना. शेवटी खिडकीतून आलं, 'म्हाळू. म्हाळू बिरू. लिवा.'

अण्णांनी लिहिलं. हवालदार पुटपुटले, 'कलम काय घालनार, आन्ना? नोकरी जाईल तुमची.' अण्णा म्हणाले, 'ज्यांनी आणून टाकला ते कलम सांगतील. आता नाव लिहिलंय. उद्या याला भोरला न्यायाधीशापुढे उभा करायचा. तुम्ही न्या, नाहीतर मी नेतो.' हे ते नेहमीच्या हळू आवाजात बोलले, पण त्या धुक्यात प्रत्येकाला कानाशी ऐकू आलं.

पुढचं थोडक्यात सांगते. म्हाळू भोरला गेला. तिथे कोणालाच त्याच्याविरुद्ध काय लिहायचं ते सुचलं नाही, आणि काही दिवसांनी तो पायी परत आला. त्याचं गंधक मुद्देमाल म्हणून भोरला गेलं ते गेलंच. त्याला उभं करून मारल्याबद्दल कोणी कोणाला जाब विचारला नाही. अण्णांकडून मात्र खुलासा मागवला, त्यांची बढती रखडली, आणि ते पुढे निवृत्त होईपर्यंत हळूच बोलत राहिले. मी शपथ मोडली का, असं त्यांनी मला एकदाच विचारलं. 'मी कोणाला काही सांगितलं नाही,' मी म्हटलं, 'मी फक्त मेंढरं बोलावली.' त्यांनी यावर बराच विचार केला आणि हे कायद्यात बसतं असं म्हणाले. मी पुढे गावोगाव नाटकातून कामं केली, टाळ्या घेतल्या, पण तितका मोठा प्रयोग पुन्हा झाला नाही. अजूनही वर्तमानपत्रात कोणाला कुठे नेलं ते घरच्यांना माहीत नाही, अशी बातमी वाचते, तेव्हा मला आधी घंटा ऐकू येतात.

पण त्या सोमवारी, त्या अंगणात अजून दार उघडायचं होतं. हवालदार आत जायला तयार नव्हते म्हणून किल्ली अण्णांनीच फिरवली. म्हाळू उंबऱ्यात येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे उजेडात बारीक केलेले. कोणी पुढे झालं नाही. कुत्रंसुद्धा थबकलं. गवताचा माणूस दिराच्या हातातून निसटून खाली पडला आणि तसाच पडून राहिला. ठकी पुढे आली. तिने आधी त्याच्या पावलांकडे पाहिलं, बोटं पुढे आहेत की टाचा. मग वाकून त्याच्या पायाला एक बोट लावलं, ऊन आहे की गार. मग उभी राहिली, तिचा चेहरा लाल झाला, आणि सासूसमोर, दिरांसमोर, हवालदारासमोर, सगळ्या कचेरीसमोर ती कडाडली:

'जित्तं व्हता, तर इतकं दिस तिसरी हाक का न्हाई मारली वो?'